उनाइसीचा बिल्ला

गुरुवारी दहाच्या चहानंतर ब्रेट मुकादमाने मिलियाकेरेला नऊ नंबरच्या खोलीत पाठवलं. काम काही विशेष नव्हतं. नऊ नंबरचा तिसरा तोडा होऊन गेला होता आणि फळ्यांच्या कोपऱ्यांत, पत्र्याच्या कडेला जी चुकार अळंबी राहिली होती, तेवढी वेचून क्रेटमध्ये भरायची होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ती खोली शिजवणार होते.

शिजवणं, असंच तिथे म्हणतात. अळंबीचं पीक निघालं की खोलीचं दार घट्ट लावतात आणि नळातून आत वाफ सोडतात, बारा तास. माती, खत, बुरशी, माशा, जे काही आत जिवंत असेल ते सगळं मरतं. मग यंत्र लावून ते बाहेर ओढतात, नवं खत भरतात, आणि दीड महिन्यात मेलबर्नच्या दुकानांत पुन्हा पांढरीशुभ्र अळंबी हजर होते.

म्हणूनच प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर खुंट्यांची एक पट्टी ठोकलेली होती. आत जाणारीने आपला बिल्ला खुंटीवर अडकवायचा, बाहेर येताना काढून गळ्यात घालायचा. खुंट्या रिकाम्या म्हणजे खोली रिकामी. ब्रेटला हा नियम फार आवडायचा, कारण त्यात आत डोकावण्याचे कष्ट नव्हते.

मिलीने आपला पिवळा बिल्ला खुंटीवर अडकवला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, उनाइसी.

आता मिलियाकेरेच्या गळ्यात उनाइसीचा बिल्ला कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मिली फिजीची. सरकारी योजनेतून ती ऑस्ट्रेलियात आली ती मेंढ्या कापायच्या एका कारखान्यात. पाचव्या महिन्यात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सुरीखाली आली. टाके घातले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सरकत्या पट्ट्यासमोर उभं केलं. महिनाभर तिने काढला, मग एका रविवारी पिशवी उचलून ती बसमध्ये बसली. त्या देशात अशा कामगाराच्या नशिबी एकच मालक लिहिलेला असतो. तो सोडला की माणूस पळालेला ठरतो, मग तो फाटक उघडून सावकाश चालत का गेला असेना.

आपिसाई तिला देवळात, म्हणजे त्या गावातल्या फिजी लोकांच्या चर्चमध्ये भेटला. भजनात त्याचा आवाज सर्वांत वरचा. त्याची एक पांढरी व्हॅन होती आणि तिच्यावर रंगवलेलं होतं, 'आशीर्वाद कामगार सेवा'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! तीन खोल्यांच्या घरात आठ बायका कोंबायच्या, पहाटे चारला व्हॅनमध्ये भरायच्या आणि अळंबीच्या शेडवर नेऊन सोडायच्या, हीच त्याची सेवा. त्याने मिलीचा पासपोर्ट 'जपून ठेवायला' म्हणून आपल्या कपाटात ठेवला आणि तिच्या हातात हा बिल्ला दिला.

"हे माझं नाव नाही," मिली म्हणाली.

"इथे हेच तुझं."

"आणि ही उनाइसी कोण?"

"होती एक. एका गोऱ्याच्या मागे पर्थला गेली. तिचे कागद सरळ आहेत, वाया कशाला घालवायचे?" आपिसाई हसला. "दुसऱ्याच्या ताटातलं नको म्हणत असशील तर राहू दे. पण भूक लागलीय ना तुला, बहिणी?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मिलीने बिल्ला गळ्यात घातला. याला आठ महिने झाले.

आठ महिन्यांत ती त्या नावाला मान वळवायला लागली होती. शेडवर उनाइसी, हजेरीच्या यादीत उनाइसी, घरातल्या नव्या मुलींनासुद्धा ती उनाइसीच. ख्रिसमसच्या आधी बाजारात कुणीतरी आपल्या मुलीला 'मिली' म्हणून हाक मारली, तर तिने वळूनही बघितलं नाही. दहा पावलं पुढे गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

म्हणून तिचा सगळा जीव आता एका गोष्टीत अडकला होता. ती एकेचाळीस वर्षांची, मूलबाळ नाही. तिकडे गावी तिच्या धाकट्या भावाची, इनोकेची बायको दिवसांवर आलेली होती. इनोकेने शब्द दिला होता, मुलगी झाली तर मिलियाकेरेच ठेवायचं. म्हणजे ती इथे कुणीही असो, तिचं नाव तरी तिकडे नारळांच्या सावलीत खेळेल, मार खाईल, शाळेत जाईल. रोज संध्याकाळी ती आईला फोन करून विचारायची, "अजून नाही?" आणि आई रोज करवादायची, "अगं, बाळ म्हणजे काय पाव आहे का, घड्याळ लावून भट्टीतून काढायला!"

तर ती नऊ नंबरमध्ये शिरली. बाहेर जानेवारीचं ऊन पत्रे फोडत होतं आणि आत रात्र होती. त्या खोल्यांना खिडकी नसते. दाराच्या वरचा एक दिवा सोडला तर उजेड काय तो कपाळावरच्या बॅटरीचा. दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्यांच्या मांडण्या लांबवर गेलेल्या, त्यांच्यावर काळी ओली माती, आणि मातीतून डोकी काढलेली अळंबी. वास असा, की पहिल्या दिवशी पोटात ढवळतं आणि महिन्याने केसांतूनही जात नाही. अळंबी वाढताना बारीक आवाज करते. एकमेकींना रेटताना तिच्या टोप्या कुरकुरतात. शांत असलं की हे सगळीकडून ऐकू येतं, जणू कुणी ओल्या चपला घालून अगदी हळू चालतंय.

मिली तळाच्या फळीशी गुडघ्यांवर बसली आणि कापत गेली. दोन क्रेट भरले, तिसरा निम्मा झाला.

"याथा…"

हाक पलीकडच्या मांडणीमागून आली. बाईचा आवाज, हलका, जरा लांबवलेला.

"इओ, याथा," मिली म्हणाली. हो गं, याथा. तिने सुरी थांबवलीसुद्धा नाही.

चूक झाली ती इथे, आणि ती फिजीच्या माणसाकडूनच होऊ शकते. मिलीला तिच्या आजीचं नाव ठेवलेलं होतं. एका नावाची दोन माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'याथा' म्हणतात. म्हातारीने जन्मात तिला मिली म्हटलं नाही. पहाटे उठवताना याथा, जेवायला बोलावताना याथा, मरताना हात धरूनही याथाच. त्या हाकेला ओ देणं मिलीच्या जिभेत मुरलेलं होतं. जीभ बोलून गेली आणि डोकं मागून आलं.

तिची सुरी थांबली. इथे मिलियाकेरे नावाचं कुणी नव्हतं. तिचं नाव इथे कुणाला ठाऊकही नव्हतं. इथे ती उनाइसी होती. मग तिला याथा म्हणेल ती कोण? जिचं स्वतःचं नाव उनाइसी असेल ती.

मिलीने मान वळवली. बॅटरीचा उजेड फळ्यांच्या फटींतून पलीकडे गेला. तिकडे भिंत होती आणि भिंतीवर पाण्याचे थेंब. बाकी काही नव्हतं. पण वास बदलला होता. मातीचा वास मागे हटला होता आणि मोठ्या पातेल्यात कपडे उकळत ठेवल्यावर येतो तसा उष्ण, साबणविरहित, माणसाचा वास पुढे आला होता. कुरकुर बंद झाली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी अळंबी गप्प होती.

क्रेट तिथेच टाकून मिली उलट्या पावलांनी दारापर्यंत आली. बाहेर येऊन तिने खुंटीवरचा बिल्ला हातात घेतला. बाहेरचा बोळ थंड होता, भिंत थंड होती, खुंटी थंड होती. बिल्ला मात्र कोमट लागला, आत्ताच कुणाच्या तरी गळ्यातून काढल्यासारखा.

जेवणाच्या सुट्टीत बायका शेडच्या मागे सावलीत, उपड्या क्रेटांवर बसायच्या. मेकेरेता नेहमीप्रमाणे एकटीच कोपऱ्यात होती. पंचावन्नची, जाड, कमी बोलणारी बाई. सगळ्या तिला 'नेई' म्हणायच्या, आत्या म्हणावं तसं. बाकीच्यांची आपसांत थट्टा चालली होती, ब्रेटच्या नव्या मिशीवरून. "उंदीर चिकटलाय ओठाला!" "मेलेला!" मिली त्यांच्यातून वाट काढत मेकेरेताजवळ जाऊन बसली.

"नेई, नऊ नंबरमध्ये मला कुणीतरी याथा म्हणून हाक मारली."

मेकेरेताचा चमचा माशाच्या डब्यात तसाच राहिला.

"ओ दिलीस?"

"जिभेने दिली. मी कुठे दिली!"

"इसा…" मेकेरेता पुटपुटली. दुःखाने जीव कळवळला की फिजीत हा एकच शब्द तोंडातून निघतो. तिने डब्याचं झाकण लावलं, बाकीच्या बायकांकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हळू बोल. आणि रडायचं नाही, त्यांना दिसेल."

"मी कुठे रडतेय?"

"मी माझ्याबद्दल बोलतेय."

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिच्याकडेही कागद नव्हते. उनाइसीचे होते. आपिसाई म्हणाला, आठवडाभर दोघी एकाच नावावर काम करा, तोवर तुझी व्यवस्था बघतो. एकच बिल्ला, दोघी बायका. एक सकाळी गेली की दुसरी दुपारी जायची, कधी कामाचा रेटा असला तर दोघी एकदमच आत. हसायच्या. एकमेकींना याथा म्हणायच्या. "ती फार हसरी होती गं. म्हणायची, याथा, आपण दोघी मिळून एक बाई झालो, आता नवराही एकच शोधू, निम्मा खर्च."

"मग?"

"मग एक दिवस नऊ नंबर शिजवायचा होता. आम्ही दोघी आत होतो. मला लघवीला लागली म्हणून मी बाहेर आले… आणि सवयीने बिल्ला काढून गळ्यात घातला."

दूर कुठेतरी मागे येणाऱ्या ट्रकची पिपाणी वाजत होती.

"खुंटी रिकामी झाली," ती म्हणाली. "मी परत आले तेव्हा दार बंद होतं आणि नळ चालू होता. मी ब्रेटला धरलं. त्याला म्हटलं, आत उनाइसी आहे. तो माझ्या गळ्याकडे बोट दाखवून हसला. म्हणाला, उनाइसी तर तूच आहेस."

मिलीने तोंडावर हात ठेवला.

"मी आपिसाईला फोन केला. तो म्हणाला, गप्प बस, ती मागच्या दाराने गेली असेल. त्या खोलीला मागचं दार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने इतर कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दोन तास एकटाच आत होता. मग सगळ्यांना सांगितलं, ती पर्थला गेली. तिच्या घरच्यांनाही तेच कळवलं. आणि कागदावर, मिली…" मेकेरेताने पहिल्यांदाच तिला खऱ्या नावाने हाक मारली, कुठून कळलं होतं कोण जाणे. "कागदावर तर ती त्या दिवशी बाहेर आली होती. बिल्ला माझ्याच गळ्यात होता. दुसऱ्या दिवशी हजेरीही लागली तिची. आजवर लागतेय."

"तू कुणाला का नाही सांगितलंस, नेई? पोलिसांना?"

"कोण म्हणून सांगू? मी तिथे नव्हतेच. तिथे उनाइसी होती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पलीकडे बायका अजून मिशीवर हसत होत्या.

"उद्या त्या खोलीत जाऊ नकोस," मेकेरेता उठता उठता म्हणाली. "पोट दुखतंय म्हण."

"गेल्या महिन्यात म्हटलं होतं. दोन आठवडे यादीतच नाव नव्हतं माझं."

"तुझं नाव यादीत कधीच नव्हतं, बाळा," मेकेरेता म्हणाली आणि आपला डबा धुवायला गेली.

शुक्रवारी मिलीने नऊ नंबर टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. सकाळभर ती दोन नंबरमध्ये राबली, मान वर केली नाही. पण पावणेएकच्या सुमाराला ब्रेट हातातली पाटी आपटत आला.

"उनाइसी! काल नऊ नंबरमध्ये तीन क्रेट सोडून आलीस. उचल आधी. एकला वाफ सोडायचीय."

"दुसऱ्या कुणाला…"

"नको असेल काम तर सांग. आपिसाईकडे रांग लागलीय बायकांची."

दगडाखाली हात सापडलेल्या माणसाने काय करायचं? मिली गेली. दारापाशी तिने बिल्ला खुंटीवर अडकवला, दोनदा ओढून बघितला, नीट बसलाय ना. दार उघडं राहावं म्हणून त्याच्या फटीत तिने एक रिकामा क्रेट सरकवला. मग जीव मुठीत धरून ती आत शिरली. पंधरा पावलं जायचं, तीन क्रेट एकावर एक ठेवायचे, पंधरा पावलं यायचं. मोठ्याने मोजत गेली ती. बारा, तेरा, चौदा.

क्रेट तिने ठेवले होते तिथे नव्हते. ते खोलीच्या पार टोकाला, भिंतीशी नीट रचून ठेवलेले दिसत होते.

ती तिथवर गेली. क्रेटला हात लावला आणि मागे दार लागल्याचा आवाज झाला. आपटलं नाही. जड दार जपून ओढून घ्यावं, तसा एक लांब, मऊ आवाज.

मिली धावली. फटीतला क्रेट आत पडलेला होता. दाराला आतून कडी नव्हती. दाराला काचेचं जे वाटोळं भोक होतं, त्यातून तिने बाहेर बघितलं, आणि तिरप्या नजरेला खुंट्यांची पट्टी दिसली. पट्टी रिकामी होती. एकही बिल्ला नव्हता.

"ब्रेट! मी आत आहे! ब्रेट!"

बाहेर पंखे गरगरत होते. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू येईना. तिने मुठी आपटल्या, लाथा मारल्या. मग जमिनीलगतच्या नळात काहीतरी खोकलं, थांबलं, आणि फुसफुसायला लागलं.

वाफ आधी दिसत नाही. आधी घोट्यांना कळते. मिली दाराला पाठ लावून उभी राहिली. दाराच्या वरचा दिवा धूसर झाला आणि तिच्या बॅटरीचा उजेड समोर दोन हातांवर जाऊन अडला. त्या पांढऱ्या भिंतीपलीकडे कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण उभं राहिलेल्या माणसाभोवती वाफ वळते, तशी ती एका जागी वळत होती.

"याथा…"

मिलीने ओठ दाबून धरले.

"याथा… माझं नाव घालून फिरतेस…"

"मी घेतलं नाही," मिली रडत म्हणाली. "आपिसाईने दिलं. तुझं तू परत घे. मला नको."

"ते कसं घेऊ… ते तर बाहेर गेलं… सगळे म्हणतात, उनाइसी बाहेर गेली…" आवाज ओला होता, शब्दांच्या मध्ये उकळल्यासारखं बुडबुडत होतं. त्यात राग मुळीच नव्हता. त्यानेच मिलीची पाचावर धारण बसली. "मीच राहिले… नाव नसलेल्याला दार उघडत नाहीत, याथा… तुझं दे…"

"काय देऊ?"

"तुझं खरं… ते कोरं आहे… त्याच्यावर अजून कुणी वाफ सोडली नाही…"

नळाचा आवाज वाढला. मिलीच्या पायांची कातडी जळायला लागली, श्वास घेतला की आत चटका बसत होता. त्या क्षणी तिला आजी आठवली नाही, आई आठवली नाही, तिकडे जन्माला यायचं बाळ आठवलं नाही. माणसाला अशा वेळी फक्त दार आठवतं.

"घे," ती किंचाळली. "घे, घे, मिलियाकेरे घे! मला सोड!"

दार उघडलं.

मेकेरेताने तिला दोन्ही काखांत धरून बाहेर ओढली आणि बोळाच्या थंड फरशीवर टाकली. ब्रेट नळ बंद करायला धावला होता. बाकीच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कुणी पाणी आणलं, कुणी आपला सुलू, कमरेची लुंगी, सोडून तिच्या पायांवर ओला करून टाकला. पायांवर लाल चट्टे उठले होते, पण चामडी शाबूत होती.

"खुंटी रिकामी होती," ब्रेट तळवे दाखवत सगळ्यांना सांगत सुटला. "मी बघितलं ना! रिकामी होती! नियमाप्रमाणेच केलं मी."

"तुला कसं कळलं, नेई?" मिलीने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मी बिल्ले नाही मोजत," मेकेरेता म्हणाली. "त्या दिवसापासून नाही. खोली शिजवायच्या आधी मी तोंडं मोजते. एक कमी होतं."

बिल्ला सापडला नाही. सगळ्यांनी गळे दाखवले, खिसे उलटे केले. खोलीत शोधलं, बोळात शोधलं. संध्याकाळी आपिसाई आला, त्याने मिलीच्या पायांवर कोरफडीचं मलम चोळलं, डोळे मिटून छोटीशी प्रार्थनाही म्हटली. दवाखान्याचं नाव काढताच मात्र त्याने कानांवर हात ठेवले. "दवाखान्यात कुठलं नाव सांगशील?" तो प्रेमाने म्हणाला. "सोमवारी नवा बिल्ला करून देतो. नाव तेच."

रात्री मेकेरेता तिच्या गादीशी येऊन बसली.

"आत बोलली तुझ्याशी?"

"हो."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही, नेई. रागात नव्हती ती."

मेकेरेताने मान खाली घातली. "काही मागितलं का?"

"नाही," मिली म्हणाली आणि कुशीवर वळली.

शनिवारी सगळ्या बायका भजनाच्या सरावाला गेल्या. पाय भाजलेले म्हणून मिली घरी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वच्छ ऊन आलं होतं, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. टेबलाशी बसून तिने आईला फोन लावला. कालच्या गोंधळात राहूनच गेला होता. पडद्यावर आईचा चेहरा आला, तोंडभर हसू.

"आलीस का गं! बघ, बघ कोण आहे!"

आईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड होतं. डोळे मिटलेले, भरपूर जावळ. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं, आणि हसताना ती रडायलाच लागली.

"मुलगी?"

"अगं, मुलगी म्हणून काय विचारतेस! काल तुला सांगितलं की."

"काल?"

"काल दुपारी नाही का तू फोन केलास, आम्ही दवाखान्यातच होतो तेव्हा! दोन वाजले होते, म्हणजे तुमच्याकडचा एक. तोंड दिसेना तुझं, सगळं पांढरं पांढरं. मी म्हटलं, काचेवर काय पीठ सांडलंय का!"

काल एक वाजता मिलीचा फोन शेडवरच्या कपाटात, कुलपात होता.

"मी काय म्हणाले, आई?"

"आता मलाच विचार! म्हणालीस, माझं नाव ठेवू नका, ते मी इथे देऊन टाकलंय. उनाइसी ठेवा म्हणालीस. इनोके जरा हिरमुसला, पण मी म्हटलं, नाव तिचं, मर्जी तिची. उनाइसी काही वाईट नाही. पाद्रीबाबांनी वहीत लिहिलंसुद्धा आज सकाळी." आईने बाळाला जरा वर उचललं. "तुझी याथा व्हायची राहिली एवढंच. बोल ना तिच्याशी. बोल!"

मिली बघत राहिली. एकेचाळीस वर्षांत तिचं स्वतःचं असं एकच काही तिने मागे ठेवायचं ठरवलं होतं, आणि ते तिनेच दार उघडावं म्हणून फेकून दिलं होतं. आता ते कुणाकडे होतं? इथल्या यादीत ती उनाइसी होती. सोमवारी गळ्यात पुन्हा तेच येणार होतं. आणि समोर, समुद्रापलीकडे, आईच्या मांडीवर दुसरी उनाइसी झोपली होती. एका नावाच्या दोघी. तिच्या जिभेला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. जीभ बोलून गेली आणि डोकं मागून आलं.

"याथा…"

आवाज हलका निघाला, ओला, जरा लांबवलेला. तो आवाज तिने आधी ऐकला होता.

बाळाने डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे बघितलं.

"हां, अश्शीच बोलत होतीस काल," आई म्हणाली. "जरा मोठ्याने बोल की. आणि ती किटली उतरव बघू आधी, केव्हाची फुसफुसतेय. काही ऐकू येत नाही."

मिलीने मागे वळून बघितलं. शेगडी बंद होती. तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.